चार दिवसांचा उतार म्हणजे उपशय नव्हे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मालवण किनाऱ्यावरील आम्हां वैद्यांच्या दारात दरवर्षी एक ठरावीक रांग लागते. भिजलेले कपडे अंगावरच वाळविणारे रापणकर, डोक्यावर टोपली घेऊन वाडीवाडीतून फिरणाऱ्या मासेविक्रेत्या भगिनी, लावणीसाठी दिवसभर चिखलात उभी राहणारी शेतकरी मंडळी. कमरेला, जांघेत, काखेत लाल चट्टे आणि अनावर कंड. लोक त्यास नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण म्हणते, शास्त्र दद्रु म्हणते. पाहताक्षणी ओळखता येणारा रोग, अशी त्याची ख्याती. ही ख्याती आता उरलेली नाही. गेल्या दशकभरात दद्रुने आपले रूप इतके पालटले आहे की तो सोरायसिस म्हणून, एक्झिमा म्हणून, क्वचित ल्यूपस म्हणूनही आपणासमोर येऊन बसतो. आम्ही स्वतः त्यास फसलो. त्या फसगतीची हकीकत सांगून काही मत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. पन्नाशी ओलांडलेल्या एक मासेविक्रेत्या मावशी आमच्याकडे आल्या. कंबर, पोट आणि मांड्यांवर मोठमोठे चट्टे, त्यांवर खवले. दुसरीकडे त्यांस सोरायसिस सांगितले गेले होते. पुढे दोन्ही गालांवर लाली उमटली, तेव्हा रक्ततपासणी झाली, ए.एन.ए. किंचित होकारार्थी आला आणि ल्यूपसची शंका घेतली गेली. मेथोट्रेक्सेट सुरू करावे लागेल, असे ऐकून त्या घाबरल्या आणि आयुर्वेदाकडे वळल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "डॉक्टरांनू, ह्यो रोग कायमचो म्हणतत. खरां काय तां?"

आम्ही चट्टे पाहिले. एककुष्ठाच्या वर्णनात माशाच्या खवल्यांची उपमा आहे, ती आम्हांस तत्काळ आठवली आणि आम्ही ती जरा जास्तच लवकर लावली. पंचतिक्तघृत दिले, महामंजिष्ठादि काढा दिला, विरुद्धाहार नको म्हणून मासे वर्ज्य केले. जिचे पोट माशावर, त्या बाईच्या ताटातून मासा गेला. दोन आठवड्यांत लाली ओसरली, कंड थांबली. आमचे निदान बरोबर ठरले, असे आम्हांस वाटले. महिन्याभराने रोग पुन्हा उसळला, पुन्हा ओसरला. असे पाच महिने चालले. या काळात त्यांच्या सुनेच्या कमरेला कंड सुरू झाली होती. मावशी ते बोलता बोलता सांगून गेल्या. आम्ही ऐकले आणि सोडून दिले.

एके दिवशी त्यांनी चार वर्षांच्या नातवाला सोबत आणले. त्याच्या दंडावर रुपयाएवढे कडे होते, मध्ये स्वच्छ, कडेला लाल पुरळ. विद्यार्थ्यानेही ओळखावे असे गजकर्ण. तेव्हा आम्ही प्रथमच विचारले, "मावशी, आमच्या औषधाबरोबर आणखी काय लावता?" त्यांनी कनवटीच्या पिशवीतून एक पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. क्लोबेटासॉल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक, तिन्ही एकत्र. कंड वाढली की लावायची, कमी झाली की थांबवायची. जो उतार आम्ही आमच्या घृताच्या खात्यावर जमा करीत होतो, तो या ट्यूबचा होता.

त्याच दिवशी चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून आम्ही तालुक्याच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठविले. काचपट्टीवर बुरशीचे फाटे फुटलेले तंतू ढिगाने होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही कोठे चुकलो? खवल्यांची उपमा लवकर लावली, सुनेची कंड कानाआड केली, ट्यूबविषयी विचारले नाही, हे तर झालेच. पण यांहून मोठी चूक अशी की आम्ही उताराला पुरावा मानले. आयुर्वेदात उपशय हे निदानपंचकातील एक अंग आहे आणि गूढ लक्षणांच्या व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. त्यामुळे औषध लागू पडले म्हणजे निदान बरोबर, ही सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली असते. परंतु शास्त्राने उपशयाच्या व्याख्येत केवळ सुख म्हटलेले नाही. सुखाचा अनुबंध म्हटले आहे. जे सुख टिकत नाही आणि ओसरताना रोगाला अधिक बळ देऊन जाते, तो उपशय कसा? एक व्याधी शमवून दुसरी उठविणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हेही चरकांनीच निदानस्थानात बजावले आहे. या दोन्ही कसोट्या लावल्या असत्या तर ट्यूबचा उतार आम्हांस फसवू शकला नसता.

हा उतार घडतो कसा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. त्वचेतील केराटिनवर जगणारी बुरशी पसरत असता शरीर तिच्याविरुद्ध दाह उत्पन्न करते. लाल उंचवट्याची कड ही त्या झुंजीची सीमारेषा होय. स्टेरॉइड दाह शमविते, त्यामुळे कड पुसली जाते, कंड थांबते, रुग्ण आनंदतो. बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. मलम थांबविताच दाह पुन्हा उसळतो, तोवर चट्टा दुप्पट झालेला असतो. स्टेरॉइडने असे रूप हरविलेल्या दद्रुचे वर्णन आइव्ह आणि मार्क्स या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ साली केले आणि त्यास 'टिनिया इनकॉग्निटो', म्हणजे वेषांतर केलेला दद्रु, असे नाव दिले. आपल्या भाषेत हाच गूढलिंग व्याधी. फरक इतकाच की येथे लिंग गूढ करणारे आपण स्वतःच आहोत.

एकच औषध दोन निराळ्या रोगांत लागू पडते, याचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात 'गोवा पावडर' या नावाचे चूर्ण गजकर्णावर प्रसिद्ध होते. ते ब्राझीलमधील एका वृक्षापासून मिळे आणि पोर्तुगीज व्यापारामार्गे गोव्यात येई. १८७० च्या दशकात लंडनचे डॉ. बालमॅनो स्क्वायर यांच्या पाहण्यात असा एक रुग्ण आला, ज्याने आपल्यास गजकर्ण झाले असे समजून हे चूर्ण लावले होते. त्याचा रोग वस्तुतः सोरायसिस होता आणि तो बरा होत होता! पुढे सोरायसिसवर दीर्घकाळ वापरलेले डिथ्रॅनॉल याच परंपरेतून निघाले. आपल्या पावसाळी भाजीच्या टाकळ्याच्या, म्हणजे चक्रमर्दाच्या, बियांतही क्रायसोफॅनिक अम्ल आहे आणि चक्रमर्दाला शास्त्राने दद्रुघ्न म्हटले आहे. तात्पर्य, औषध लागू पडले एवढ्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. त्या लंडनच्या रुग्णाने सोरायसिसला गजकर्ण मानले, आम्ही गजकर्णाला सोरायसिस मानले. दोघांनाही उतार मिळाला.

यात धोका तो काय, असे कोणी विचारील. धोका मोठा आहे. सोरायसिस आणि ल्यूपस हे रोग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होतात. म्हणून त्यांच्या आधुनिक चिकित्सेत ती शक्ती दडपावी लागते. बुरशीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दडपणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे. मावशींनी मेथोट्रेक्सेट सुरू केले असते तर यकृताची आणि रक्ताची जोखीम घेऊन बुरशीच पोसली गेली असती. आमच्या औषधाने तशी हानी केली नाही, हे खरे. पण पाच महिने वाया घालविले, बाईचे जेवण तोडले, 'हा रोग कायमचा' ही भीती तशीच ठेवली आणि घरातील आणखी दोघांस रोग होऊ दिला. निरुपद्रवी औषध दिले म्हणून चुकीचे निदान निरुपद्रवी ठरत नाही.

सुनेच्या कमरेची कंड ऐकून आम्ही का थबकलो नाही, याची आजही लाज वाटते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाची गणना औपसर्गिक रोगांत केली आहे. अंगस्पर्श, एकत्र शय्या, एकमेकांची वस्त्रे ही संक्रमणाची कारणे स्पष्ट सांगितली आहेत. सोरायसिस एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात नाही, ल्यूपस जात नाही, दद्रु जातो. एका घरातील दोघांना कंड, ही माहिती कोणत्याही रक्ततपासणीइतकी मोलाची आहे.

आता वैद्यबंधुभगिनींसाठी काही व्यवहार्य सूचना. दद्रुत कंड तीव्र असते आणि घामाने वाढते. चट्ट्याची कड मध्यापेक्षा जागृत असते. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात कधी एका कड्यात दुसरे कडे दिसते. सोरायसिस बहुधा कोपर, गुडघे, टाळू येथे आणि दोन्ही बाजूंस सारखा असतो. दद्रु पुष्कळदा एकांगी असतो. दोन्ही तळपाय आणि एकच तळहात सोलवटलेला दिसला तर प्रथम बुरशी आठवावी. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींच्या हातांवर मात्र काजूच्या टरफलातील तेलाचा परिणाम असू शकतो, हेही विसरू नये. गालांवरील लालीत ल्यूपस बहुधा नाकालगतची घडी सोडतो. त्यासोबत सांधेदुखी, ज्वर, तोंडातील व्रण, केस गळणे, मूत्रातील प्रथिने यांचा शोध घ्यावा. ए.एन.ए. किंचित होकारार्थी येणे निरोगी माणसातही आढळते. एकट्या त्या अहवालावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये. नखे जाड व विवर्ण झाली की सोरायसिस आणि बुरशी यांत डोळा सहज फसतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. प्रत्येक चट्ट्यावर कापसाने संवेदना तपासावी, कारण आपल्या महाराष्ट्रात महारोग अजून संपलेला नाही आणि तोही कड्यांच्या रूपात येतो.

परंतु ही सारी लक्षणे स्टेरॉइडने पुसून टाकलेली असतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबता येत नाही. तेथे खरवडच हवी. चट्ट्याची कड स्पिरिटने पुसावी, बोथट धारेने खवले काचपट्टीवर घ्यावेत, त्यांवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवावी आणि १५ ते ३० मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नखासाठी द्रावण अधिक तीव्र आणि वेळ अधिक लागतो. रुग्णाने नुकतेच बुरशीनाशक लावले असेल तर तंतू न दिसण्याचा संभव असतो. म्हणून एका नकारावर थांबू नये, काही दिवसांनी पुन्हा खरवड घ्यावी. शंका राहिल्यास बुरशीचे संवर्धन अथवा त्वचेचा तुकडा तपासण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

हे आधुनिकांचे काम, आपले नव्हे, असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की चरकांनी रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात, असे सांगितले आणि त्यांची उत्पत्तिकारणे कुष्ठासारखीच मानली. आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तीन प्रमाणांत प्रत्यक्षाला ज्यांनी स्थान दिले, त्यांनी सूक्ष्मदर्शक हाती आला असता तो बाजूस सारला असता, असे आम्हांस वाटत नाही. खर्चाची सबबही टिकत नाही. एका खरवडीस लागणारा पैसा त्या तीन औषधांच्या ट्यूबांवर वर्षभर होणाऱ्या खर्चापुढे नगण्य आहे.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. प्रत्येक सोरायसिस ही बुरशी नव्हे. खऱ्या ल्यूपसमध्ये उशीर झाल्यास मूत्रपिंडे जातात. जो रुग्ण मेथोट्रेक्सेट अथवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहे, त्याच्या गोळ्या आपण परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी त्या सुरू केल्या त्यांच्याशी बोलावे. खरवडीत काही न निघाल्यास पुढील तपासासाठी तज्ज्ञांकडे धाडण्यात कमीपणा नाही. बुरशी निघाली तरी ती पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांत आढळलेल्या बुरशीस ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले. ती टर्बिनाफिनला अनेकदा दाद देत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. म्हणजे आपल्या अंगणात पोसलेला रोग आता समुद्रापार गेला आहे. अशा पसरलेल्या दद्रुत केवळ लेपावर विसंबून राहणे योग्य नाही. आपले शोधन-शमन आणि पथ्य यांसोबत तज्ज्ञांच्या सल्ल्याने पोटातून बुरशीनाशक देण्यात संकोच करू नये.

औषधविक्रेते बंधूंशीही दोन शब्द बोलणे भाग आहे. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये तीव्र स्टेरॉइडची मलमे अनुसूची एच मध्ये आणली. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी आली, त्यांत अशा काही मलमांचाही समावेश होता. तरीही ट्यूबा खपत आहेत, हे आपणास ठाऊक आहे आणि आम्हांसही. गिऱ्हाईक समोर खाजवीत उभे असता त्यास परत पाठविणे कठीण, शेजारचा दुकानदार देतोच, हा आपला युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. आम्ही त्यास खोटा म्हणत नाही. परंतु तेच गिऱ्हाईक महिन्याने आपल्या सुनेसाठी आणि नातवासाठी ट्यूब मागावयास आले, तर ते दुकानाचे यश समजू नये.

बोट दुसऱ्याकडे दाखविताना तीन बोटे आपल्याकडे असतात. महाराष्ट्रात आपणांस आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या चिठ्ठीवर हेच मलम असते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे वनस्पतीज अथवा आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत गुपचूप स्टेरॉइड मिसळण्याचा प्रकार. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे लहान मुलांच्या एक्झिमासाठी वापरल्या जाणाऱ्या तथाकथित वनस्पतीज मलमांची तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील बहुतेकांत स्टेरॉइड निघाले. जे मलम दोन दिवसांत जादू करते आणि ज्याच्या डबीवर घटकद्रव्यांचा पत्ता नाही, ते आपल्या कपाटात ठेवणे म्हणजे शास्त्राच्या नावाने शास्त्राचा घात करणे होय.

म्हणून संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक वैद्याने केसपेपरवर 'यापूर्वी अंगास काय लावले' आणि 'घरात आणखी कोणास कंड' असे दोन रकाने छापून घ्यावेत आणि रुग्णाने ट्यूब सोबत आणावी, असा आग्रह धरावा. दुसरी, संघटनेने प्रत्येक तालुक्यात एक सूक्ष्मदर्शक उपलब्ध करावा आणि पावसाळ्यापूर्वी खरवड घेण्याचे एक दिवसाचे शिबिर भरवावे. तिसरी, खरवड पाहिल्याशिवाय कोणाही रुग्णास 'तुझा रोग कायमचा' हे वाक्य ऐकवू नये.

मावशींची हकीकत अपुरी ठेवणे बरे नव्हे. ट्यूब बंद केल्यावर पहिले तीन आठवडे रोग भडकला. त्या रागावल्या, पण टिकल्या. जिल्ह्यातील त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांस पोटातून औषध दिले गेले. सून आणि नातू यांचीही चिकित्सा एकाच वेळी झाली. कपडे उकळून, उन्हात वाळवून वेगवेगळे वापरावयास सांगितले. ल्यूपसच्या इतर तपासण्यांत काही निघाले नाही. सुमारे तीन महिन्यांनी गाल आणि कंबर स्वच्छ झाली. आम्ही त्यांस सांगितले की हा रोग कायमचा नव्हता आणि आमचेही चुकले होते. त्यांनी आमच्या चुकीकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता, "मगे आता बांगडो खाऊंक गावतलो मां?"

आम्ही होय म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर केळीच्या पानात बांधलेले चार बांगडे होते.